अणुव्रते : गृहस्थाचा आचारधर्म

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथील जैन ग्रंथभांडारे अपभ्रंशाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. हिरालाल जैन यांनी संपादिलेला ‘सावयधम्मदोहा’ १९३२ साली कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. त्याचा विषय श्रावकाचे, म्हणजे गृहस्थाचे आचरण. मुनीची महाव्रते संसारी माणसास पेलत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी पाच अणुव्रते. त्यांपैकी अचौर्य पाहा. खोटे माप, भेसळ, चोरीचा माल घेणे हेही या व्रताचे अतिचार मानले आहेत. कारंज्यासारख्या कापसाच्या पेठेत श्रावकाची परीक्षा तराजूपाशीच होणार! परिग्रह-परिमाण मात्र मला अधिक कठीण वाटते; तेथे संपत्तीची मर्यादा ज्याची त्यानेच ठरवायची असते. भाव चढताच ती मर्यादाच वाढवून घेतली, तर व्रत मोडले असे आपण म्हणाल काय? सकारण लिहा.