फुटबॉलपटूंची पावसाळ्यातील बलोपासना

कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल या संघांच्या नावांतच तालीम आहे. तथापि शाहू स्टेडियमवरील हंगाम संपल्यावर कसलेल्या खेळाडूने पावसाळ्यात केवळ धावण्यावर भागवू नये. शेकडो जोर-बैठकांनी दम वाढतो. मुसंडीस व उडीस लागणारे बळ मात्र जड वजन मोजक्या वेळा उचलल्याने येते. खांद्यावर भार घेऊन चार-सहा बैठकांचे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा, जाणकाराच्या देखरेखीखाली करावेत. त्याने अंग बोजड होते, ही भीती अनाठायी होय. हंगामात आठवड्यातून एकदा केल्यासही कमावलेले बळ बहुतांशी टिकते. गुडघे टेकून, घोटे साथीदाराकडून धरवून, सावकाश पुढे झुकण्याचा व्यायामही करावा. त्यामुळे मांडीच्या मागील स्नायूंच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले आहे.