मुलांची अदब आणि आपली सवय

मशिदीत मकतब चालविणाऱ्या इमामाला जुमाच्या नमाजनंतर एक तक्रार हमखास ऐकावी लागते. वडील मुलाचा हात धरून पुढे येतात आणि त्याच्या देखत सांगू लागतात, ‘‘मौलाना, याला जरा अदब शिकवा. घरी कोणाचे ऐकत नाही, पाहुण्यांना सलाम करीत नाही, दादीला उलट उत्तरे देतो.’’ आजूबाजूला चार-सहा नमाजी उभे असतात. मूल मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने चटई उकरीत असते. वडिलांची काळजी खरी असते, यात शंका नाही. परंतु ज्या अदबीची मागणी चाललेली असते, तिचाच भंग त्या क्षणी होत असतो, हे मात्र ध्यानात येत नाही. चारचौघांत कोणाचे दोष सांगू नयेत हा नियम मुलांना लागू नाही, असे आपण कधी आणि कोठून ठरविले?

आदरणीय वाचकहो, मुलांच्या आदाबाविषयी विचार करताना प्रथम सूरह नूरची ५८वी आयत समोर ठेवू या. घरातील सेवक आणि वयात न आलेली मुले यांनी दिवसातून तीन वेळा परवानगी घेऊनच मोठ्यांकडे यावे, असा आदेश तीत आहे. फजरच्या नमाजपूर्वी, दुपारी विश्रांतीसाठी कपडे उतरविले जातात तेव्हा आणि इशाच्या नमाजनंतर, अशा या तीन वेळा होत. एरवी त्यांनी मोकळेपणाने यावे-जावे, त्यात कोणावर दोष नाही, हेही तेथेच सांगितले आहे. मुले वयात आली की त्यांनी मोठ्यांप्रमाणे नेहमीच परवानगी घ्यावी, असे पुढच्या ५९व्या आयतीत येते.

या आदेशाची एक बाजू आपल्या नजरेतून निसटते. वागायचे आहे मुलांनी, परंतु संबोधन ईमानधारकांना, म्हणजे जाणत्या माणसांना आहे. अजाण मूल शरीअतच्या आज्ञांना बांधलेले नसते. म्हणून त्याच्या अदबीची जबाबदारी त्याच्या पालकावर येते. मुलाला परवानगी मागण्याची सवय लागली नाही, तर जाब विचारायचा तो आपल्याला.

यावर अनेक माता-भगिनी म्हणतात, ‘‘मौलाना, आमची एकच खोली. सहा माणसे त्यातच झोपतात. दारच नाही, तर परवानगी कशाची?’’ प्रश्न प्रामाणिक आहे आणि मीही अशाच एका खोलीत वाढलो आहे. पण आयत पुन्हा वाचावी. तीत वेळा सांगितल्या आहेत, दाराचा उल्लेखही नाही. ज्या घरात पडद्याशिवाय दुसरा आडोसा नाही, तेथे पडद्यामागे कोणी कपडे बदलत असेल तर अलीकडून आवाज देणे, ‘येऊ का?’ असे विचारून उत्तर येईपर्यंत थांबणे, पहाटे उठल्यावर दुसऱ्याच्या अंथरुणाकडे पाठ करून बसणे, एवढे तर सहा माणसांतही जमते. आमची आई भांड्याचा आवाज करून मगच पडद्याजवळ येत असे. तिने आम्हाला परवानगीवर कधी व्याख्यान दिल्याचे आठवत नाही.

उलट, ज्यांच्या घरी तीन खोल्या आणि तीन दारे आहेत, तेथेही वडील मुलीच्या खोलीचे दार धाडकन उघडतात, तिचे दप्तर तिच्या माघारी उपसतात, आणि मुलगी न विचारता आत आली की ‘तमीज आहे की नाही?’ म्हणून ओरडतात. मोबाईलचेही तसेच. लहान मुलाच्या हाती मोबाईल दिला असेल तर तो पाहण्याचा पालकाला अधिकार आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. परंतु ते मुलाला सांगून, त्याच्यासमोर पाहावे. मूल झोपल्यावर चोरून पाहिले, तर हेरगिरी काय असते तेवढे मात्र ते शिकेल. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत टेहळणीला केलेली मनाई मोठ्यांसाठीही आहे.

आता जेवणाच्या आदाबाकडे येऊ. हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) हे उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचे पुत्र. लहानपणी ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरी वाढले. ते स्वतः सांगतात की जेवताना त्यांचा हात ताटात सगळीकडे फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना तीन गोष्टी सांगितल्या : अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्या समोरचे खा. त्यानंतर आपण आयुष्यभर तसेच जेवलो, असेही ते सांगतात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. आपल्या दस्तरख्वानावर काय होते ते आठवून पाहा. ‘‘किती वेळा सांगितले तुला? लोकांत नेले तर आमची अब्रू घालवशील!’’ या वाक्यात मुलाने नेमके काय करावे, हे कोठेच नाही. प्रेषितांच्या (स.) बोलण्यात केवळ करावयाच्या गोष्टी आहेत; मागच्या चुकांचा हिशेब नाही.

हजरत अनस (रजि.) यांची साक्ष तर सर्वश्रुत आहे. बालवयात ते प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले, त्या काळात हे का केलेस, ते का केले नाहीस, असे त्यांना कधी ऐकावे लागले नाही. एकदा त्यांना कामासाठी धाडले, तर ते बाजारात खेळणाऱ्या मुलांपाशी रेंगाळले. प्रेषितांनी (स.) मागून येऊन त्यांची मान धरली. अनस (रजि.) यांनी वळून पाहिले, तो ते हसत होते. लाडाने नाव घेऊन त्यांनी एवढेच विचारले की सांगितले होते तेथे गेलास का. मकतबात छडी टेबलावर ठेवणाऱ्या आम्हा मंडळींनी ही हदीस शिकवितानाच नव्हे, तर छडी उचलतानाही आठवावी.

हे मी दुसऱ्यांना सांगत आहे, म्हणून स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. आमच्या मकतबात येणारा सहावीतील एक मुलगा मराठी शाळेत शिकतो. एकदा त्याच्या वहीत शिक्षकांनी शेरा लिहिला, ‘वर्तन उद्धट.’ वडिलांनी त्याला मारले आणि माझ्याकडे आणले. मीही सर्व मुलांसमोर त्याला खडसावले. दोन दिवसांनी सहज विचारले, तेव्हा कळले की तो वर्गात म्हणाला होता, ‘‘सर, तू काल हेच सांगितलं होतंस.’’ त्याच्या घरी दखनी बोलतात. मराठी तो गल्लीतल्या खेळगड्यांकडून शिकला, आणि तेथे सगळेच एकमेकांना ‘तू’. शिवाय त्याच्या बाकावरचा मित्र स्वतःच्या आईला ‘तू’ म्हणतो, हे त्याने ऐकले होते. आईहून मोठे कोण? तेव्हा सरांनाही ‘तू’ चालेल, असा त्याचा सरळ हिशेब. मराठीत आईला ‘तू’ म्हणण्यात जिव्हाळा आहे आणि शिक्षकांना ‘तू’ म्हणण्यात अवमान आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस, हे माझ्या ध्यानात प्रथम यायला हवे होते. मी त्याची माफी मागितली, आणि मकतबातच मागितली, कारण रागावलो होतो तेही मकतबातच. आता आठवड्यातून एक दिवस आम्ही मुलांना ‘तुम्ही’, ‘आपण’, ‘सांगाल का’, ‘येऊ का’ यांचा सराव देतो. शाळेची भाषा घरात बोलली जात नसेल, तर तिची अदबही वेगळी शिकवावी लागते.

शाळेतील टोपणनावांविषयी थोडक्यात. सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत एकमेकांची टर उडविणे आणि वाईट नावांनी हाक मारणे यांना मनाई आहे. चष्मिश, जाड्या, काळू ही नावे वर्गात जन्मतात असे आपण समजतो. त्यांतली निम्मी घरून आलेली असतात.

अदब म्हणजे गप्प बसणे, हाही एक गैरसमज आहे. एकदा प्रेषितांनी (स.) सोबत्यांना कोडे घातले की मुस्लिमासारखे असणारे, पाने न गळणारे झाड कोणते. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) तेव्हा लहान होते. खजुराचे झाड, हे उत्तर त्यांच्या मनात आले. परंतु मोठी माणसे गप्प बसलेली पाहून ते संकोचले. नंतर त्यांनी वडिलांना हे सांगितले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी त्यांच्या संकोचाला शाबासकी दिली नाही, तू उत्तर दिले असतेस तर मला फार आवडले असते, असे ते म्हणाले. आपल्या मुली वर्गात हात वर करीत नाहीत, तेव्हा त्यांना ‘शांत, संस्कारी’ म्हणणाऱ्या पालकांनी या प्रसंगावर जरूर विचार करावा.

सार्वजनिक ठिकाणी तर मुले आपली केवळ नक्कल करतात. रस्त्यावर बसणे टाळावे आणि बसावेच लागले तर रस्त्याचा हक्क द्यावा, अशी हदीस आहे : नजर झुकविणे, कोणाला त्रास न देणे, सलामला उत्तर देणे, भल्याची शिकवण देणे आणि वाईटापासून रोखणे. ईदच्या दिवशी ईदगाहच्या बाहेर गाडी आडवी लावून तासभर गळाभेटी घेणारे आपण, आणि मागे अडकून पडलेली एस.टी. पुढच्या आसनावर बसलेले आपले मूल ते पाहत असते. केळीची साल खिडकीतून बाहेर जाते, तीही ते पाहते. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, हे त्याने मकतबात पाठ केलेले असते. म्हणून तर ते अधिक नीट पाहते.

हजरत अनस (रजि.) मुलांजवळून जाताना त्यांना सलाम करीत आणि प्रेषित (स.) असेच करीत, असे सांगत. लहानांनी मोठ्यांना सलाम करावा हा आदाब आहेच. तरीही मोठ्यांनी येथे पुढाकार घेतला. गेल्या रमजानपासून मीही गल्लीतून जाताना मुलांना प्रथम सलाम करतो. सुरुवातीला ती गोंधळली, दोघे-तिघे पळालेही. आता मशिदीच्या भिंतीवर बसलेली टोळी मी दिसताच माझ्याआधी ओरडते, ‘‘अस्सलामु अलैकुम!’’ आवाज जरा मोठा असतो. त्याबद्दल मी अजून काही बोललेलो नाही.