भाव विचारा, रात्रीसुद्धा

जयपूरला सी-स्कीम भागातल्या एका क्लबात मी काही वर्षं कॅशियर होतो. क्लब म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे नाच येतो. माझ्या डोळ्यांपुढे येतात ती रात्री साडेअकराला बिल हातात धरून उभी असलेली माणसं. त्यांत मराठी पर्यटक पुष्कळ, आणि त्यांचं मला कायम नवल वाटायचं. दुपारी बापू बाजारात लहरियाच्या ओढणीवरून, पन्नास रुपयांसाठी दुकानाच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढणारा गृहस्थ रात्री मेनूकार्ड मिटलेलंच ठेवून वेटरला म्हणतो, "भैया, आप ही कुछ अच्छा ले आओ." मंद दिव्यांत भाव विचारायची लाज वाटते. हा धंदा बराचसा त्या लाजेवर चालतो.

गोष्ट सुरू होते संध्याकाळी आठला. राजस्थानात दारूची दुकानं आठ वाजता बंद होतात. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला हे ठाऊक नसतं. हवामहल वगैरे उरकून तो साडेआठ-नऊला रिक्षावाल्याला विचारतो आणि रिक्षावाला त्याला एखाद्या क्लबच्या दारात सोडतो. काही ठिकाणी त्या सवारीमागे रिक्षावाल्याला कमिशन असतं, आणि ते शेवटी कोणाच्या बिलातून निघतं हे सांगायला नको. तेव्हा जागा दिवसा, स्वतः ठरवा.

दारात पहिला प्रश्न येतो तो कव्हर चार्जचा. जोडप्याला सूट, एकट्या पुरुषांच्या टोळक्याला म्हणजे 'स्टॅग'ना जास्त दर, ही सगळीकडची रीत. तिथेच विचारून घ्या: हे पैसे बिलातून वजा होणार का, पूर्ण की थोडे, आणि फक्त दारूवर की खाण्यावरही? उत्तर बाऊन्सरकडून घेऊ नका, काउंटरवर घ्या. बाऊन्सर दाराचा मालक, हिशेबाचा नव्हे.

एका लग्नसराईत नवरदेवाचे मित्र आले होते, मराठवाड्यातले. टेबल व्हॉट्सअ‍ॅपवर एका प्रमोटरकडून ठरलेलं. त्याने सांगितलेला आकडा 'मिनिमम' होता, म्हणजे इतकं तरी प्यायलंच पाहिजे; कर आणि सर्व्हिस चार्ज वेगळे. हे मंडळींना बिल आल्यावर कळलं. आवाज चढले. दोन बाऊन्सर येऊन शेजारी उभे राहिले. बाऊन्सर सहसा हात उगारत नाहीत, नुसते उभे राहतात, तेवढं पुरतं. पोरांनी खिसे चाचपायला सुरुवात केली, तेवढ्यात त्यांच्यातली एक वहिनी थेट माझ्या काउंटरवर आली. छापील मेनू मागितला, एकेका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही दुसरी बाटली आमच्या टेबलावर कोणी उघडली?" कोणीच उघडली नव्हती. ती ओळ गेली, सर्व्हिस चार्जही गेला. आवाज न चढवता, पाच-दहा मिनिटांत.

वहिनींना कायदा माहीत होता की नाही, कोण जाणे. पण तो त्यांच्या बाजूचा होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. दुसरं, पिण्याची दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचे कर लागतात. म्हणून खाणं आणि दारू बिलात वेगवेगळी दिसली पाहिजेत. सगळ्याची एकत्र बेरीज करून त्यावर जीएसटी लावलेला दिसला, तर बिल परत द्या. बाटली आणली की सील तुमच्यासमोर तुटू द्या. पैसे कार्डाने किंवा यूपीआयने द्या, छापील बिल घ्या. अडवून ठेवलं किंवा फोन काढून घेऊ लागले तर 112. नुसता बिलाचा वाद असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

एकट्याने जाणाऱ्या तरुणांसाठी वेगळा सापळा आहे. डेटिंग अ‍ॅपवर एका मुलीशी ओळख होते, क्लब किंवा कॅफे तीच सुचवते, महागडे ग्लास येतात, ती घरी काम निघालं म्हणून उठते आणि बिल मागे राहतं. जून 2024 मध्ये दिल्लीच्या लक्ष्मीनगरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाकडून असेच 1 लाख 21 हजारांहून जास्त रुपये उकळले गेले. त्याच वर्षी मुंबईत अंधेरीतूनही अशा तक्रारी आल्या. पहिल्या भेटीची जागा आपण सुचवायची. समोरची व्यक्ती खरी असेल तर तिचं काही अडत नाही.

टेबलावर हुक्का आला तर मी उठून जाईन. राजस्थानने हुक्का बारवर 2019 मध्ये कायद्यानेच बंदी आणली; तो कायदा मोडणारा मालक आगीचे नियम पाळत असेल, यावर माझा विश्वास नाही. आणि आगीचं मी हलक्यावारी घेत नाही. मुंबईत कमला मिलच्या आगीत डिसेंबर 2017 मध्ये 14 जण गेले. गोव्यात हडफड्याच्या नाईटक्लबात डिसेंबर 2025 मध्ये 25, आणि त्यांतले बहुतेक तिथले कर्मचारी होते. माझ्यासारखेच, आतल्या बाजूला काम करणारे. बसण्याआधी दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघा, त्याच्यासमोर बियरचे क्रेट रचलेत का तेही बघा.

परतीला गाडी चालवू नका. रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी 10 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कॅब आत बसूनच बोलवा. दारातला 'छोड देंगे साहब' म्हणणारा तुमची अवस्था पाहून भाडं सांगतो.

आमच्याकडे नेमाने येणाऱ्यांत जौहरी बाजारातल्या पेढ्यांची पोरं असत. गळ्यात सोनं, खाली मोठी गाडी. बिल आलं की ती फोनचा टॉर्च लावून ओळ न ओळ वाचत, कॅल्क्युलेटर काढून बेरीज पडताळत आणि कमी-जास्त असेल तर हसत म्हणत, "भाईसाब, ये काटो." त्यांच्या टेबलावर चुकीचं बिल पाठवायची आमच्या वेटरांपैकी कोणाची हिंमत नव्हती.