सापळा भरला, तरी कारली किडकीच

मांडवाला टांगलेली सापळ्याची बाटली माश्यांनी निम्मी भरलेली आणि त्याच मांडवावरचं कारलं विळीवर धरलं की आत अळ्या वळवळतायत, हा प्रकार आमच्या परसात अख्खा पावसाळा चालला. काकडी आणि पडवळाची तीच गत. कोवळं फळ एका बाजूने वाकायचं, वाकलेल्या जागी डिंकासारखा थेंब दिसायचा, मग पिवळं पडून गळायचं. बाटलीत मात्र रोज नवी भर. कोकणात ज्यांच्या दारी चार वेल आणि एखादा पेरू-चिकू आहे, त्यांना हे नवं नाही. पण बाटली भरतेय म्हणजे काम होतंय, हा समज महागात पडतो, म्हणून हे लिहिते.

एकदा बाटली वर्तमानपत्रावर उपडी केली तेव्हा उलगडा झाला. सगळ्या माश्यांचे पंख स्वच्छ, कडेला फक्त बारीक काळसर रेघ. ही पेरू, आंबा, चिकूवरची माशी. वेलभाज्यांवरची माशी अंगाने तांबूस असते आणि तिच्या पंखांवर तपकिरी पट्टे-डाग स्पष्ट दिसतात. तशी एकही त्या ढिगात नव्हती. दुकानात ‘फळमाशीचा सापळा द्या’ म्हटल्यावर जो हाती पडला, त्यात मिथाइल युजेनॉलचं ल्यूर, म्हणजे माशीला ओढणारं आमिष होतं. ते शेजारच्या पेरूवरच्या माश्या इमानेइतबारे गोळा करत होतं आणि कारल्याची माशी बाजूलाच आपलं काम करत होती.

तेव्हा पहिली गोष्ट ही. आंबा, पेरू, चिकू यांसाठी मिथाइल युजेनॉल. कारलं, काकडी, दोडका, पडवळ, दुधी यांसाठी क्यू ल्यूर. पाकिटावर नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. परसात दोन्ही असेल तर दोन वेगळे सापळे लावा. मिथाइल युजेनॉलची फळझाडांवरच्या माश्यांना असलेली ओढ बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या हॉलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१५ सालीच मांडली होती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ नावाचा सापळाही शेतकऱ्यांना दिला. म्हणजे साधन खरं आहे, फक्त ते कुणासाठी आहे ते बघून घ्यायचं. पिकलेल्या फळांच्या टोपलीशेजारी व्हिनेगरची वाटी ठेवण्याचा उपाय स्वयंपाकघरातल्या चिलटांपुरता. बागेतल्या माशीला त्याने काही होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही दोन्ही ल्यूर फक्त नरांना ओढतात. फळाला डंख मारणारी मादी असते आणि ती बाटलीकडे फिरकत नाही. नर कमी झाले की माद्यांचं मीलन कमी होतं, पण त्यासाठी सगळ्या वाडीने मिळून सापळे लावायला हवेत. एका घराची एक बाटली असेल, तर शेजारून फळलेली मादी कुंपण ओलांडून येतेच. त्यामुळे एकट्याच्या परसात सापळ्याचा खरा उपयोग सूचनेपुरता: पट्टेरी पंखांच्या माश्या दिसू लागल्या, की फळं झाकायची वेळ झाली.

आता मादी करते काय ते पाहा. ती कोवळ्या फळाच्या सालीत सुईसारखं टोक खुपसून आत अंडी घालते. दिवसा-दोन दिवसांत अळ्या निघतात आणि आठवडाभर गर खातात. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडते, अंगाची कमान करून ताडकन उडते आणि मातीत शिरते. किडका पेरू कागदावर चिरून ठेवा, पांढुरक्या अळ्या वीतभर लांब उडताना दिसतील. मातीत वरच्या दोन-तीन इंचांत कोष होतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून नवी माशी निघते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, फळावर औषध फवारून अळी मरत नाही, कारण ती आत सुरक्षित आहे. उलट वेल फुलावर असताना फवारलं तर मधमाश्या मरतात आणि मधमाशी नसली तर काकडी धरतच नाही. दोन, झाडाखाली पडलेलं किडकं फळ म्हणजे पुढच्या पिढीचं बाळंतघर. ते तिथेच राहू दिलं, आळ्यात ढकललं किंवा उघड्या खतखड्ड्यात टाकलं, तर हवी तेवढी ल्यूर आणा, उपयोग शून्य.

म्हणून रोज सकाळी पडलेली फळं उचलायची. वेलावर डंख लागलेली, वाकडी, पिवळी पडलेली दिसतील तीही तोडायची, ‘अजून चार दिवस बघू’ म्हणायचं नाही. ऊन असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि आठवडाभर उन्हात ठेवायचं. पावसात दीड-दोन फूट खोल पुरून वरची माती दाबायची. वेल काढल्यावर आळ्यातली माती उकरून ठेवा. कोष उघडे पडतात, ऊन आणि मुंग्या त्यांचा समाचार घेतात. कोंबड्या असतील तर तिथे मोकळ्या सोडा.

आणि फळ झाकायचं. घरच्या बागेसाठी यासारखा खात्रीचा उपाय नाही. पेरू लिंबाएवढा झाला की, आणि कारल्या-काकडीचं मादीफूल सुकून मागचं फळ बोटाएवढं झालं की पिशवी चढवा. डंख लागल्यावर झाकलं तर अळी आत कोंडली जाते, एवढंच. पावसात वर्तमानपत्राचा लगदा होतो; जुन्या पातळ ओढणीच्या किंवा मलमलीच्या पिशव्या शिवून घ्या, वर नाडी घाला. देठाशी नाडी आवळायची, पण देठ कापला जाईल इतकी नाही. पिशवी फळापेक्षा ऐसपैस हवी, कारण कापड सालीला चिकटलं तर मादी कापडातूनही टोचते. अख्ख्या मांडवाला जाळी घालण्याचा मोह होईल. पण मग मधमाश्या आत येणार नाहीत आणि नरफुलाचा पराग मादीफुलाला हाताने लावावा लागेल. कारली-काकडीला हे सकाळी करायचं, दोडक्यांना संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हा उमलतात.

पेरूच्या बाबतीत आणखी एक सुटका आहे. पावसाळ्यात पिकणारा पेरू सर्वांत जास्त किडतो, थंडीतला त्यामानाने वाचतो. दारातल्या एकुलत्या झाडावर उन्हाळ्यातली फुलं आणि बारीक फळं खुडून टाकली आणि मृगाचा बहार धरला, तर निम्मी कटकट मिटते.

किडका माल पाहुण्यांच्या पिशवीतून दुसऱ्या गावी पाठवू नका, हेही सांगते. मालात फळमाश्या आणि इतर किडी सापडल्या म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातले आंबे, कारली, पडवळ, वांगी आणि अळू घेणं थांबवलं होतं. आंब्यावरची बंदी पुढच्या वर्षी उठली. वरून धड दिसणाऱ्या एका पेरूतून ही माशी कुठवर जाते, त्याचा अंदाज यावरून यावा.

खर्च करायचाच असेल तर क्रम असा ठेवा: आधी पिशव्या, मग क्यू ल्यूर, फवारा नाहीच. पडलेलं फळ उचलायला पैसे लागत नाहीत, पण ते रोज उचलावं लागतं. आणि शेजारच्या काकूंच्या पेरूखाली सडा पडलेला असेल, तर तक्रार करत बसण्यापेक्षा विचारून तोही गोळा करून आणा. माशीला कुंपण कळत नाही.