पाच वर्षं झाली की मूल बापाचं?

प्रश्न : मुलाला घेऊन मी माहेरी राहते. घटस्फोट झालेला नाही. दिवाळीनंतर मुलगा पाच वर्षांचा होईल. सासरहून निरोप येतात, 'पाच वर्षं झाली की कायद्यानं पोरगं आमचं. शिवणकाम करून तू त्याला काय शिकवणार?' कागदोपत्री बापाचीच सही लागते, असंही म्हणतात. हे खरं आहे का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही ताई, खरं नाही. १९५६च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचं सहावं कलम सांगतं, की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाच पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडे जातं, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. तिथून पुढं न्यायालय दोन्ही बाजू तोलून बघतं आणि तेराव्या कलमानुसार मुलाचं हित सगळ्यांत वर धरतं. या अर्ध्या ऐकीव कलमाच्या धाकानं बायका नको त्या तडजोडीवर सह्या करतात, म्हणून हे ठासून सांगते.

सहीचंही तसंच. कायद्यात आधी वडील, त्यांच्यानंतर आई, असा क्रम आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी अर्ज केला, तेव्हा बँकेनं वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ साली न्यायालयानं सांगितलं, की वडील हयात असूनही मुलाकडे बघत नसतील, तर आई नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते. त्याआधी १९७० मध्ये जिजाबाई गजरे यांच्या खटल्यातही हेच ठरलं होतं. वडील वेगळे राहत होते, मुलीकडे लक्ष देत नव्हते. मुलीची जमीन आईनं पालक म्हणून कसायला दिली, ते न्यायालयानं मान्य केलं.

कमाई कमी म्हणून आईचा ताबा जात नाही. खर्चाचा वाटा वडिलांकडून मागता येतो. न्यायाधीशांना जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच : मुलाला शाळेत कोण सोडतं, ताप आला की रात्री कोण जागतं, तुम्ही मशीनवर बसलात की त्याच्याजवळ कोण असतं. लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या डायरीवरच्या तुमच्या सह्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, फीच्या पावत्या एका पिशवीत नीट ठेवा. कळत्या वयाच्या मुलाशी न्यायाधीश चेंबरमध्ये एकट्यानं बोलतात. तशी वेळ आली, तर कृपा करून त्याला पढवून पाठवू नका. पाठ केलेलं वाक्य लगेच ओळखू येतं आणि त्याचं ओझं मुलाच्या मनावरून लवकर उतरत नाही.

दिवाळीची वाट बघू नका. मूल नेहमी जिथं राहतं, तिथल्या न्यायालयात अर्ज होतो, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुख्य निकालाला वेळ लागेल, म्हणून तात्पुरत्या ताब्याचा आदेश आधी मागा. आणि वडील भेटायला आले, तर मुलाच्या जिवाला धोका नसेल तोवर भेटू द्या. त्याला त्यांचीही गरज आहे.

प्रश्न : दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मुलीला भेटायचा आदेश आहे. ऐन वेळी 'तिला बरं नाही' असा मेसेज येतो. पोटगी थांबवू का?
— एक वडील, ठाणे

उत्तर : थांबवू नका. ते पैसे मुलीच्या दुधाचे, वह्यांचे आहेत, आणि थकवलेत तर बोट तुमच्याकडेच वळेल. हुकलेल्या प्रत्येक शनिवारची तारीख लिहून ठेवा, मेसेज पुसू नका आणि त्याच न्यायालयात आदेशाच्या अंमलबजावणीसाठी अर्ज करा. जोडीला व्हिडिओ कॉलची ठरलेली वेळ मागा. यशिता साहू प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं अशा बोलण्याचं महत्त्व स्पष्ट सांगितलं आहे. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, आणि कारण नसताना भेट अडवणं न्यायालय गांभीर्यानं घेतं. मुलगी खरोखर आजारी असेल, तर त्या दिवशी हट्ट न धरता हुकलेल्या भेटीऐवजी दुसरा दिवस लेखी मागा.