कमवा, शिका आणि तपासा

महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींचा खर्च कसा भागवावा, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हीच त्याची बैठक होती. त्याच्या आदल्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत काढलेले सिद्धार्थ महाविद्यालय सकाळी भरत असे, कारण नोकरी करून शिकणाऱ्यांना दिवसा सवड नसे. दोन्ही ठिकाणी शिकणाऱ्याने कमावणे ही लाज नव्हती, ती शिक्षणाचीच एक बाजू होती. परंतु काम जेथे असेल तेथे विद्यार्थ्याला जावे लागे. आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्याने तर हे फार सोसले आहे. गलाईच्या धंद्यासाठी आपली माणसे देशभर पांगली, ती हौसेने नव्हे.

आज काही काम मोबाइलवरून गावात येऊ लागले आहे. चॅटजीपीटी, जेमिनी अशा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे घरबसल्या पैसे मिळतात, हे आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले आम्हाला सांगतात आणि पालक त्याविषयी साशंकतेने विचारतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्राने क्षणात लिहून दिलेल्या मजकुराला कोणी फार काळ पैसे देणार नाही, कारण तो मजकूर गिऱ्हाइकालाही तसाच फुकट मिळतो. पैसे मिळतात ते यंत्राला जे येत नाही त्याचे. मग आटपाडीच्या मुलाला असे काय येते, जे यंत्राला येत नाही?

याचे एक उत्तर एका मराठी प्रयोगात सापडते. बेंगळुरू येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात ‘कार्य’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. यंत्राला माणसाचे बोलणे कळावे म्हणून आवाजाचे नमुने लागतात, आणि ते बहुधा शहरी, सुशिक्षित लोकांचेच घेतले जात. या प्रकल्पातील संशोधकांनी मराठीसाठी तीन गट घेतले: ग्रामीण भागातील अल्प उत्पन्नाचे लोक, शहरातील तसेच लोक आणि विद्यापीठातील विद्यार्थी. एकूण ३६ जणांकडून १०९ तासांचे ध्वनिमुद्रण मिळाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की गरीब कामकऱ्यांनी दिलेले नमुने विद्यार्थ्यांच्या नमुन्यांच्या तोडीचे होते. पुढे ‘कार्य’ ही स्वतंत्र संस्था झाली. आपल्या बोलीची ज्यांना आजवर लाज वाटत आली, त्यांच्या बोलीलाच येथे मोल मिळाले, ही बाब आम्हाला रकमेपेक्षा मोठी वाटते.

असे नमुने गोळा करण्याचे काम आज इतरत्रही चालते. मद्रासच्या आयआयटीतील ‘एआयफोरभारत’ हा गट आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ‘वाणी’ प्रकल्प जिल्ह्याजिल्ह्यांतून आवाज जमवतात. केंद्र शासनाच्या ‘भाषिणी’चे ‘भाषादान’ मात्र नावाप्रमाणे दानच आहे, तेथे मोबदल्याची अपेक्षा धरू नये. अशी कामे येतात आणि संपतात. त्यावर वर्षाची फी अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही.

टिकाऊ काम जवळच आहे. आपल्या तालुक्यातील डाळिंब बागायतदाराचे उदाहरण घ्या. तो म्हणतो, “बागेला ताण दिला, मग बहार धरला, पण तेल्या आला.” हे वाक्य इंग्रजीत करण्यास यंत्राला सांगितले, तर ‘ताण’ म्हणजे मनावरचा ताण आणि ‘बहार’ म्हणजे वसंताची शोभा असा घोळ होण्याचा पुरेपूर संभव आहे. तेल्या हा रोग आहे हे कळले नाही, तर पुढचे सारेच चुकते. धनगराचा ‘वाडा’ म्हणजे मेंढरांसह फिरणारा तळ, चौसोपी घर नव्हे, हे माणदेशात वाढलेल्या मुलीला सांगावे लागत नाही. एखाद्या व्यापाऱ्याचे माहितीपत्रक, रोपवाटिकेची सूचना, औषधाच्या डब्यावरील इंग्रजी मजकुराचे मराठी, यांचा कच्चा मसुदा यंत्राकडून घ्यावा आणि त्यातील शब्द न् शब्द स्वतः तपासून द्यावा. औषधाच्या मात्रेतील एक शून्य इकडचे तिकडे झाले, तर बाग जाते. म्हणून मूळ कागद शेजारी ठेवल्याशिवाय असे काम हाती घेऊच नये.

दुसरे काम मुलाखती व सभावृत्तांत टंकित करण्याचे. पीएच.डी. करणारे संशोधक, स्थानिक पत्रे, सहकारी संस्था यांच्याकडे तासन् तास ध्वनिमुद्रण पडून असते. यंत्र ते अक्षरांत उतरवते, पण गावांची नावे, आडनावे आणि बोलीतील क्रियापदे हमखास बिघडवते. ती दुरुस्त करणे हीच मजुरी. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासून देणे हेही कंटाळवाणे, पण मागणी असलेले काम आहे.

आणि मोडी! आटपाडी हा औंध संस्थानचा महाल होता. जुने कागद मोडीत आहेत, कित्येक घरांतही दस्त गुंडाळून ठेवलेले असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली हे सर्वांनी पाहिले. रुरकीच्या आयआयटीने पुण्यातील संस्थांच्या साहाय्याने मोडी कागदांची दोन हजारांहून अधिक छायाचित्रे व त्यांचे देवनागरी लिप्यंतर जमवून, मोडी वाचणारे यंत्र घडविण्याचा प्रयत्न केला आहे. यंत्र शिकेल तेव्हा शिकेल, पण त्याचे वाचन बरोबर आहे असे सही करून सांगणारा माणूस लागणारच. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. एका उन्हाळी सुट्टीची चिकाटी असेल, त्याने हा मार्ग जरूर धरावा.

आता जे करू नये ते. दुसऱ्याचा प्रकल्प किंवा स्वाध्याय यंत्राकडून लिहवून विकणे हा आज सर्वांत सोपा पैसा आहे, आणि आमच्या मुलांनी त्याला शिवू नये. तथागतांनी आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्वतंत्र स्थान दिले आहे. ज्या शिक्षणासाठी आपल्या आजोबांनी अपमान सोसला, ते पोकळ करून विकणे त्यात बसत नाही. लोकांचे आधार, सातबारा, दवाखान्याचे कागद फुकटच्या साधनांत चढवू नयेत, ते कागद आपले नव्हेत. ‘आधी हजार भरा, मग काम देऊ’ असे टेलिग्रामवर सांगणारा फसवणाराच असतो. कमिशनच्या आमिषाने आपले बँक खाते दुसऱ्याला वापरू देणारा विद्यार्थी तर स्वतः गुन्ह्यात अडकतो. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पालकांनीही अशा वेळी आधी रागवू नये, आधी फोन करावा.

दराविषयी नेहमी विचारणा होते. पहिली दहा पाने घड्याळ लावून करावीत, तपासण्याचा वेळही धरावा, आणि तासाला शेतमजुरीहून कमी पडत असेल तर काम नाकारावे. काम घेताना पाने, मुदत आणि रक्कम व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्यावी. यंत्राची मदत घेतली आहे हे गिऱ्हाइकाला सांगावे. परीक्षेच्या महिन्यात काम बंद ठेवावे, आणि ते गिऱ्हाइकाला महिनाभर आधी कळवावे.