आजीचं खुरपं

आमच्या घरी वळचणीला एक जुनं खुरपं खोचलेलं होतं. ते आजीच्या आईचं. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी घरातली पितळेची भांडी मोडली, पण खुरपं ठेवलं. पाऊस आल्यावर निंदायला काय घ्यायचं?

आता ते लई गंजलं होतं. पातं झिजलं होतं, मूठ हलत होती. भंगारवाला आला तेव्हा बाबा म्हणले, "देऊन टाका." असं भंगार जालन्याच्या कारखान्यांत जातं. तिथे ते वितळवून घराच्या सळया करतात. आजी काही बोलली नाही, पण तिनं खुरपं हातातून सोडलं नाही. मग मी म्हणालो, "मी नीट करतो."

माझी चूक : जुनी मूठ निघेना, म्हणून मी खुरपं चुलीत घातलं. मूठ जळाली, पण पातंही लाल झालं. ते राखेतच थंड झालं. मग दगडावर घासून धार लावली. थोडं निंदलं की धार वळली. आजीला सांगायची भीती वाटली. शेवटी सांगितलं. ती म्हणली, "त्याचं पाणी उतरलं रे. चल लोहाराकडं."

लोहारकाकांनी असे केले :

१) गंज विटकरीच्या तुकड्याने घासून काढला. ओल आणि हवा लागली की लोखंड गंजते.

२) पातं भट्टीत लाल केले व ऐरणीवर ठोकून धारेकडे पातळ केले.

३) पुन्हा लाल करून फक्त धार पाण्यात बुडवली. याला पाणी देणे म्हणतात. यामुळे पोलाद कडक होते, पण नुसते कडक झाले तर दगडावर तुकडा उडतो. म्हणून धार घासून चकचकीत केली. मागच्या भागातली उष्णता धारेकडे आली. धार वाळल्या कडब्यासारखी पिवळी दिसताच पुन्हा पाण्यात बुडवली.

४) बाभळीच्या वाळलेल्या लाकडाची मूठ केली. ओले लाकूड वाळल्यावर आकसते आणि मूठ हलते. पात्याला ओले फडके गुंडाळून मागचे टोक तापवले व मुठीत ठोकले. फडके नसते तर पाणी पुन्हा उतरले असते.

५) शेवटी दगडावर धार लावली.

गुरुजींनी सांगितले की, नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे उत्खननात सुमारे २७०० वर्षांपूर्वीची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. म्हणजे ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे.

मित्रांनो, खुरपं वापरून झाले की माती पुसा, तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या जागी ठेवा. चुलीत मात्र घालू नका!

रविवारी आजीनं त्याच खुरप्यानं कपाशीची एक पात निंदली. शेजारची पात मी धरली होती. आजी माझ्या पुढे गेली.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी